सुटकेची सभा आमच्या घरी झाली नाही

हल्ली आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘आत्मिक युद्ध’, म्हणजे सैतानाशी लढाई, फार स्वस्त झालंय. मोटारसायकल चालू होत नाही, युद्ध. पोराची रेल्वेची परीक्षा थोडक्यात हुकली, युद्ध. शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेत तर कुणाच्या घरात कुठला आत्मा शिरलाय याची यादीच निघते. मी लहान होतो तेव्हा हा विषय वर्षातून एखाद्या रविवारी यायचा. पाळकसाहेब बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय घ्यायचे, आणि रविवारच्या शाळेत आम्हा पोरांच्या हातात पुठ्ठ्याची ढाल-तलवार आणि डोक्यावर घरचं पातेलं चढायचं. पातेलं परत न्यायला विसरलो की आईचा मार.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. सैतान आहे असं मी मानतो. मी अंनिसचा कार्यकर्ता नाही, मंडळीचा सभासद आहे, तिसऱ्या पिढीचा. प्रार्थनेने माणूस उठून बसलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. पण हे युद्ध कुणाशी आहे आणि त्यात आपण करायचं काय, याबद्दल आमच्या घरात मागे एक प्रसंग झाला आणि माझं मत पक्कं झालं. ते बऱ्याच जणांना आवडत नाही. सुनेला विचारून लिहितोय. ती म्हणाली, “पप्पा, लिहा. नाव टाकू नका, बाकी सगळं लिहा.”

तिचं बाळंतपण पुण्यात झालं, सिझर. मुलगा. नंतर ती दौंडला आमच्याकडे आली. पहिले काही दिवस थकवा म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मग कळायला लागलं की बाळ झोपलं तरी हिला झोप येत नाही. ताटातलं ताटात राहतं. पहाटे तीनला ओट्याला टेकून नुसती उभी. आमच्या हिने जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, “मम्मी, मी चांगली आई नाही. हे बाळ दुसऱ्या कुणाला तरी द्या.” एकदा म्हणाली, देवाने मला टाकलंय, प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द निघत नाही. ही मुलगी लग्नाआधी तिच्या मंडळीत गाणी बसवायची, ‘उपासना संगीत’ मधली अर्धी गीतं तिला पाठ. तिच्या तोंडून हे ऐकताना पोटात खड्डा पडायचा.

श्रीरामपूरहून माझी थोरली बहीण, अक्का, मदतीला आली होती. अक्काचा जीव मोठा. बाळाला न्हाऊमाखू घालणं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं तिने अंगावर घेतलं. पण चार दिवसांत तिचा निकाल लागला. “हे साधं नाही रे. हिच्या माहेरचं आहे काहीतरी.” सुनेचे आजोबा पोतराज होते. मरीआईचा गाडा, अंगावर आसूड, सगळं. तिचे आई-वडील विश्वासात आले, म्हणजे ख्रिस्ती झाले, त्यांनी ते सोडलं, पण आजोबा शेवटपर्यंत पोतराजच राहिले. अक्काच्या मते तो पिढीजात शाप आता बाळापर्यंत आला होता. आणि तिच्या ओळखीचे एक ब्रदर होते, सुटकेची सेवा करणारे, म्हणजे प्रार्थनेने भूत-शाप काढणारे.

ब्रदर आले. तरुण, नीटनेटके, बोलायला गोड. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. चहा नको म्हणाले, उपवास होता. सुनेला समोर बसवलं आणि विचारायला लागले. काही पाप लपवलंय का? पोटुशी असताना कुठल्या देवळात गेली होतीस? मूर्तीला दाखवलेलं काही खाल्लंस? ती आठवून आठवून म्हणाली, ऑफिसात एकीने पेढा दिला होता. ब्रदरनी अक्काकडे पाहिलं. “तिथंच दार उघडलं.” मग ठरवूनच टाकलं: शनिवारी रात्री आठ-दहा जण येतील, तेल घेऊन येतील, त्याआधी घरातल्या सगळ्यांनी तीन दिवस उपास धरायचा. अंगावर पाजणाऱ्या बाईनेही.

मी सुनेच्या तोंडाकडे बघत होतो. पहाटे तीन वाजता जे तिच्या डोक्यात घुमायचं, तू नालायक आहेस, तुझ्यामुळे बाळाचं वाटोळं होणार, देवाने तुला टाकलंय, तेच आता दिवसाढवळ्या, मांडीवर बायबल घेतलेला एक माणूस तिला सांगत होता. तिने मान हलवली. तिला ते पटलं होतं! आजारी माणसाला स्वतःविरुद्धचं सगळंच पटतं.

मी म्हणालो, “ब्रदर, सभा होणार नाही.”

“अंकल, तुम्ही पवित्र आत्म्याला अडवताय.”

“नाही. मी तुम्हाला अडवतोय.”

अक्का रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बेलापूरपर्यंतचं (श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव तेच) तिकीट काढून गेली. गाडीत बसवायला गेलो तर खिडकीतून एवढंच म्हणाली, “पोरीला काही झालं तर तुझ्या मानगुटीवर.”

ते वाक्य डोक्यात बसलं. पुढच्या रात्री बाळाला खांद्यावर टाकून हॉलमध्ये येरझाऱ्या घालताना मी तो सहावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला, आणि त्याबरोबर प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा. कारण प्रेषित पौलाने हे पत्र ज्या इफिस गावाला लिहिलं ते गाव म्हणजे जादूटोण्याची पेठ. अर्तमी देवीचं भलंमोठं देऊळ, मंत्रांचे कागद, ताईत. तिथल्या लोकांनी विश्वास धरल्यावर आपली मंत्रतंत्राची पुस्तकं चौकात आणून जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. तिथेच स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचं नाव घेऊन भूत काढायला गेले. त्या भुताने विचारलं, येशूला ओळखतो, पौल माहीत आहे, तुम्ही कोण? आणि सातही जणांना असं बदडलं की ते उघडेनागडे पळाले. बायबलमध्ये हसू यावं अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यातली ही एक. आमच्या मंडळीत यावर कुणी प्रवचन करत नाही.

तर अशा गावाला पौल पत्र लिहितो. भूत कसं काढायचं याची कृती तिथे असायला हवी होती. ती नाही. आहे ते एवढंच, की आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही, म्हणून देवाची शस्त्रसामग्री घ्या आणि उभे राहा. टिकून राहा, उभे राहा, हेच त्या चार-पाच वचनांत फिरून फिरून येतं. धावून जा, पाठलाग करा, शोधून काढा, असं कुठेच नाही. कंबरेला सत्य, छातीला नीतिमत्त्व, पायात शांतीची सुवार्ता, ढाल, शिरस्त्राण. तलवार एकच, वचनाची. आणि त्यातलं उरस्त्राण आणि शिरस्त्राण आपलं नव्हेच. यशयाच्या एकोणसाठाव्या अध्यायात ते खुद्द देवाने चढवलेलं आहे, कुणी न्याय करणारा उरला नाही हे पाहून. म्हणजे चिलखत उसनं, लढाई त्याची, आपल्याला जागा तेवढी सोडायची नाही.

मी सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून केली. (२०२२ पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. मी त्याआधीच सुटलो, नाहीतर घरातले हसले असते.) दौंड-मनमाड लाईनवर रात्री बेलवंडी-विसापूरच्या मध्ये गाडी अडकली की नियम ठरलेला. ब्रेकव्हॅनमधून उतरायचं, मागे चालत जायचं, ६०० मीटरवर रुळाला इशाऱ्याचा एक फटाका लावायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, आणि लाल बत्ती धरून तिथंच थांबायचं, इंजिनाची शिट्टी परत बोलावेपर्यंत. मागून येणाऱ्या गाडीशी गार्ड कुस्ती खेळत नाही. त्याला सांगितलेल्या जागी तो असला म्हणजे झालं. बाभळी, अंधार, कुत्री, डोक्यात नाही नाही ते विचार. जागा सोडायची नाही. सुनेच्या आजारपणात मला पौलाचं ‘उभे राहा’ कळलं ते या नोकरीमुळे.

आता मुख्य मुद्दा. शास्त्रात सैतानाचा धंदा काय सांगितलाय? प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात त्याची ओळखच आहे, बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा. जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात तर पूर्ण कोर्ट बसलंय. यहोशवा मुख्य याजक मळक्या कपड्यांत उभा, आणि सैतान त्याच्या उजव्या हाताला, आरोप ठेवायला. कपडे खरोखरच मळके आहेत, आरोप खोटा नाही. तरी देव धमकावतो कुणाला? सैतानाला. यहोशवाला दोषाचा एक शब्द बोलत नाही, त्याचे कपडे बदलायला सांगतो. हे वाचलं आणि मला आमच्या हॉलमधली ती संध्याकाळ दिसली. उजव्या हाताला कोण बसलं होतं? ब्रदरना मी सैतान म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी काम कुणाचं केलं, ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं होतं. सात दिवस-सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि बिघडलं.

आम्ही सुनेला पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, फार बोलल्या नाहीत. एक प्रश्नावली भरून घेतली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे, याला औषध आहे, अंगावर पाजताना चालणारं आहे, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर हिला रात्री एकटं ठेवू नका आणि सलग पाच तास झोपू द्या. आणि असं कुणाला होत नाही, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे: विकसनशील देशांत बाळंत झालेल्या बायकांपैकी १९.८ टक्क्यांना मानसिक आजार होतो, बहुतेक करून नैराश्यच. पाचातली एक. म्हणजे आमच्या महिला मंडळात रविवारी जेवढ्या बाया बसतात त्यांत किती, हिशेब करा. त्या सगळ्यांच्या माहेरी पोतराज नव्हते.

पप्पा, मग प्रार्थना केली नाही का, असं मुलाने विचारलं होतं. केली की. रोज केली. आमच्या हिने एक नियम घातला: सुनेला प्रार्थना करायला सांगायचं नाही. रात्री तिच्या पलंगाशी बसून ही एक स्तोत्र वाचायची, बस. एकदा अठ्ठ्याऐंशीवं वाचलं. त्या स्तोत्राला शेवटी उजेड नाहीच, अंधारातच संपतं. सून त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, “हे बायबलमध्ये आहे?” मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्याला चौघे जण छप्पर उस्तरून खाली सोडतात, आणि येशू विश्वास बघतो तो त्या चौघांचा. खाटेवरच्याला कुणी विचारलं नाही, तुझा विश्वास किती. रोमन शिपायाची ढाल चार फूट उंच असायची, आणि शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, शेजाऱ्याचंही अंग झाकलं जाईल असे. ज्याचा हात गळालाय त्याच्यासाठी दुसऱ्याने धरायची, हे मंडळीचं काम. खाटेवरच्या बाईकडे बोट दाखवणं नव्हे.

माझ्यावरही बाण यायचे. पहाटे गोळीची वेळ झाली की वाटायचं, ब्रदर बरोबर असले तर? डॉक्टरवर विश्वास आणि देवावर नाही, हाच अविश्वास असला तर? त्यावर मला उपयोगी पडला तो पौलच. त्याच्या स्वतःच्या शरीरात काटा होता, तो त्याला सैतानाचा दूत म्हणतो, तीनदा विनंती करतो, आणि काटा निघत नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढंच उत्तर. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच सोडलं. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तर सरळ थोडा द्राक्षारस घेत जा म्हणून लिहिलं. तीमथ्याच्या पोटातून काही हाकलून लावल्याची नोंद नाही.

आणि लांब कशाला जा. पाटस सोडलं की थोड्या वेळात केडगाव. तिथल्या मुक्ती मिशनवरून मी आयुष्यभर गाड्या नेल्या. ते मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचा फोटो आमच्याकडे घराघरात दिसतो, आणि १९०५ च्या जूनमधलं तिथलं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, हा सुटकेची सेवा करणाऱ्यांचा आवडता दाखला. मुली रडल्या, पेटल्या, अन्य भाषांत बोलल्या. खरं आहे. पण त्या बाईंचं त्याआधीचं आयुष्य कुणी सांगत नाही. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या मठातल्या सिस्टरांशीच वाद सुरू झाला. आपल्या देशातल्या पुरोहितांचं जू उतरवलं ते दुसऱ्या पुरोहितांचं घ्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. इकडे १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. मुलींवर धर्माची सक्ती नव्हती. बाई आणि त्यांची मुलगी मनोरमा सकाळी प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं, एवढाच गुन्हा. काही मुली येऊन बसायला लागल्या. १८९३ ला पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोडपलं, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावलं नाही. कुणाच्या मागेही धावल्या नाहीत.

मला वाटतं, उभं राहणं म्हणतात ते हे. एका बाजूने स्वधर्मीय म्हणतात बाटली, दुसऱ्या बाजूने मिशनवाले म्हणतात पुरती बाटली नाही, आणि मधल्या मधे ही बाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली आणल्या, शेकड्यांनी. केडगावला आधी काय झालं? अन्न, उवा काढणं, जखमा धुणं. मग शाळा, शेती, छापखाना. संजीवन त्याच्या कितीतरी नंतर. आणि संजीवनाच्या काळातही त्या हिब्रू-ग्रीक घेऊन बायबलच्या भाषांतराला बसलेल्याच होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी व्हावं म्हणून. एप्रिल १९२२ ला गेल्या, त्याच्या आदल्या वर्षी मनोरमा गेली होती. एकुलती एक मुलगी. काटा काढून मिळालेला नाही, त्यांनाही नाही.

जाता जाता एक कानावर घालतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा फक्त मांत्रिक-भगतांसाठी आहे, असा आपल्या लोकांचा गोड समज आहे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारहाण करणं, आजारी माणसाला दवाखान्यात जाऊ न देणं, यांत धर्माचा रकाना नाही. हातात क्रूस असला म्हणून सूट मिळत नाही.

सून हळूहळू सावरली. एका दिवशी बाळाला आंघोळ घालताना गुणगुणत होती, आमच्या हिने मला हाताने खुणावून मोरीच्या दाराशी बोलावलं. औषध त्यानंतरही बरेच महिने चालू होतं, डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केलं.

मग महिला मंडळाने तिला साक्ष द्यायला बोलावलं. आधी एक ताई घरी येऊन गेल्या, म्हणाल्या, प्रभूने तुला कसल्या बंधनातून सोडवलं ते सांग. सून म्हणाली, “ताई, गोळीचं नाव घेतलं तर चालेल का?” ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो.

तिने गोळीचं नाव घेतलं नाही, पण डॉक्टरांचं सांगितलं, स्तोत्र अठ्ठ्याऐंशी वाचलं, आणि आजोबांबद्दल बोलली. त्यांनी तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, आणि त्यांच्या नावाने तिला कुणी शाप म्हणून दाखवलेला तिला चालणार नाही, असं ती सरळ बोलून मोकळी झाली. सभेनंतर दोन बायांनी तिला बाजूला घेऊन डॉक्टरांचा पत्ता मागितला. एकीला पुण्याला जाणं शक्य नव्हतं, तिला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

अक्का आता येते-जाते. बाळाला तिच्याशिवाय करमत नाही. त्या विषयावर ती बोलत नाही, मीही काढत नाही. ब्रदर मात्र काढतात. दौंडला आले की मला भेटतातच. मागच्या वेळी स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसलो होतो, त्यांनी मार्कचा नववा अध्याय उघडला, अशी जात प्रार्थनेवाचून निघत नाही म्हणाले. मी म्हणालो, बरोबर, पण त्या पोराचा बाप येशूसमोर रडतो तेव्हा येशू त्याला पेढ्याबद्दल विचारतो का? ब्रदर हसले, पटलं मात्र नाही. या वेळी चहा घेतला.